सणाला ‘महा’ लावू नका

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांच्या निमंत्रणपत्रिकांत एका शब्दाने चोरपावलांनी प्रवेश केला आणि आता तो घरधन्याच्या थाटात वावरू लागला आहे. तो शब्द म्हणजे ‘महोत्सव’. पूर्वी पत्रिकेवर आश्रयदात्या संताचा ‘सण’ अशी एक साधी ओळ असे. कोकणात आणि गोव्यात त्याच जागी ‘फेस्त’ असे. आज अनेक ठिकाणी तेथे ‘भव्य महोत्सव’ असतो. त्याखाली प्रायोजकांची नावे, त्याखाली प्रमुख पाहुण्यांची छायाचित्रे, आणि नजर अगदी तळाशी नेली तर मिस्साबलिदानाची वेळ. संताचे नाव गाळलेले नसते. परंतु ते शोधावे लागते.

कोणी म्हणेल, एका शब्दावरून एवढा गहजब कशाला? आमचे उत्तर असे की, वस्तूचे नाव बदलले की तिच्याशी वागण्याची रीतही बदलते. अंगणाला आपण ‘पार्किंग’ म्हणू लागलो की तेथे क्रूस उभा राहात नाही, मोटार उभी राहते. तसेच सणाचा महोत्सव झाला की भाविकाचा प्रेक्षक होतो. आमचे म्हणणे एवढेच आहे. ते कोणाही एका मंडळाविरुद्ध नाही. ते एका सवयीविरुद्ध आहे.

प्रथम आपल्या मायबोलीलाच साक्षीस बोलवू. मराठीत सण ‘येतो’. जत्रा ‘भरते’. उरूसही ‘भरतो’. फेस्त ‘येते’ आणि ‘होते’. ही सारी क्रियापदे अकर्मक आहेत. त्यांना कर्ता लागत नाही, अध्यक्ष लागत नाही, कार्याध्यक्ष लागत नाही. महोत्सव मात्र येत नाही. तो ‘आयोजित करावा’ लागतो, ‘भरवावा’ लागतो. भरवणारा आला की ज्यांच्यासाठी भरवायचे तेही आले. एक बाजू दाखविणाऱ्यांची, दुसरी बाजू पाहणाऱ्यांची; मध्ये व्यासपीठ. विभक्तीचा प्रत्ययसुद्धा हीच साक्ष देतो. मुंबईचा चाकरमानी रजा टाकून गावी निघाला की तो ‘सणाला जातो’ म्हणतो. ‘सण पाहायला जातो’ असे कोणी म्हणत नाही. महोत्सव मात्र आपण पाहायला जातो.

‘सण’ हा शब्द मूळ संस्कृत ‘क्षण’ या शब्दापासून, प्राकृतातील ‘छण’ या रूपामार्गे मराठीत आला. क्षण म्हणजे वेळ, नेमका समय. आणि त्याचाच दुसरा जुना अर्थ आनंदाचा दिवस. जुन्या करारातील इब्री भाषेत सणासाठी ‘मोएद’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ नेमलेली वेळ, भेटीची ठरलेली घटका. दोन भिन्न कुळांतील भाषा, परंतु दोघींनी सणाकडे पाहिले ते एकाच दृष्टीने. सण ही माणसाने निर्माण केलेली वस्तू नाही. ती परमेश्वराने दिलेली वेळ आहे आणि आपले काम त्या वेळेला हजर राहण्याचे आहे. ‘उत्सव’ या शब्दात ‘उद्’ म्हणजे वर, आणि ‘सू’ या धातूत प्रेरणा देण्याचा, जन्म देण्याचा भाव आहे. आतून जे उफाळून वर येते तो उत्सव. यांपैकी कोणत्याही शब्दात गर्दी नाही, रोषणाई नाही, खर्च नाही.

आता थोडे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्याकडे वळू. शब्दांचा जो भेद आम्ही सांगत आहोत, तो तेथे थोड्याच अंतरात नांदताना दिसतो. दापोली तालुक्यातील केळशी हे भारजा नदीच्या मुखाशी वसलेले गाव. तेथे चैत्रात महालक्ष्मीचा उत्सव होतो, रथ निघतो. त्याच केळशीत याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांनी त्याला इनाम दिले अशी परंपरा सांगितली जाते. तेथे उरूस भरतो. ‘उर्स’ या अरबी शब्दाचा अर्थ विवाह. सत्पुरुषाचा मृत्युदिन हा त्याचा परमेश्वराशी मीलनाचा दिवस, म्हणून ते लग्न. एका गावात दोन शब्द शेजारी शेजारी राहतात आणि दोन्ही शब्द येणाऱ्याला काही नाते देतात. उत्सवाला आलेला मनुष्य गावचा लेक किंवा गावचा पाहुणा असतो. उरुसाला आलेला मनुष्य, शब्दाच्या मूळ अर्थाने, वऱ्हाडी असतो.

केळशीच्या उत्तरेस मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. तेथे २००६ सालापासून ‘कासव महोत्सव’ होतो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी राखण्याचे काम गावकऱ्यांच्या साहाय्याने उभे केले. पिले बाहेर पडून समुद्राकडे जाऊ लागली की ती पाहण्यास दूरदूरचे लोक येतात, गावातील घरांत उतरतात, आणि त्या घरांना चार पैसे मिळतात. पूर्वी जी अंडी माणसांच्या व जनावरांच्या तोंडी जात, ती आज वाचतात. हे काम आम्हांस मनापासून मोलाचे वाटते. आणि तेथे ‘महोत्सव’ हा शब्द अगदी चपखल बसतो. दाखविण्याजोगे काही आहे, पाहण्यास आलेले लोक आहेत, कोणीतरी काळजीपूर्वक आयोजन केले आहे. प्रेक्षकाने तेथे दोरीमागे शांत उभे राहावे हेच योग्य. पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवातही श्रोत्याने श्रोता राहावे यातच शोभा आहे. तेव्हा आमचा कलह महोत्सव या शब्दाशी नाही. तो आपल्या घरी आहे तोवर गुणी आहे. आपल्या वेदीसमोर त्याला काय काम, एवढाच प्रश्न आहे.

केळशीची उदाहरणे परधर्मीयांची आहेत म्हणून कोणी कपाळास आठ्या घालू नयेत. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले आहे. शिवाय उरूस या शब्दातील कल्पना आपल्याला परकी नाहीच. संताच्या मृत्युदिनाला ख्रिस्तसभा प्राचीन काळापासून लॅटिनमध्ये ‘दिएस नातालिस’, म्हणजे जन्मदिवस, म्हणत आली आहे. पृथ्वीवर मेला तो दिवस स्वर्गात जन्मल्याचा. ‘नाताळ’ हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण तो त्याच लॅटिन कुळातला. केळशीच्या दर्ग्यात मरणाला लग्न म्हणतात, आपल्या पंचांगात मरणाला जन्म म्हणतात. एवढे खोल शब्द पदरी असताना आपण ‘भव्य महोत्सव’ छापतो, याला काय म्हणावे? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरे काय!

गोव्यातही एक उपसर्ग असाच खटकतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचा सोहळा दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यात होतो. अलीकडचा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. मराठी वृत्तपत्रे त्याला ‘शवप्रदर्शन’ म्हणतात. रांगेत तासन्‌तास उभी राहणारी म्हातारी मात्र ‘दर्शनाला चालले’ म्हणते. दर्शनात मनुष्य पाहतो आणि पाहिलाही जातो. प्रदर्शनात तो केवळ पाहतो. एका ‘प्र’ने तेथे जे केले, तेच एका ‘महा’ने आपल्या सणाचे केले आहे. अशा वेळी भाषेच्या बाबतीत वृत्तपत्रांपेक्षा त्या म्हातारीवर विश्वास ठेवावा, असे आम्हांस वाटते.

आता पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहू. लेवीय ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात परमेश्वराने नेमलेल्या सणांची क्रमवार यादी आहे. त्या यादीच्या ऐन मध्यावर, सणांशी वरकरणी काही संबंध नसलेली एक आज्ञा येते: पीक कापताना शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसे वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. पुढच्या ओळीपासून यादी पुन्हा सुरू होते. लेखनिकाचा डोळा चुकला म्हणून ती आज्ञा तेथे पडलेली नाही. सण म्हणजे काय याची व्याख्याच ती आहे. नेहेम्याच्या आठव्या अध्यायात लोकांना सणाचा आनंद करण्यास सांगितले जाते, त्याच श्वासात ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांच्याकडे वाटा पाठवा असेही सांगितले जाते. आमोस संदेष्टा तर परमेश्वराला तुमच्या सणांचा तिटकारा आहे असे ठणकावतो, कारण त्या सणांच्या गजरात न्यायाचा आवाज ऐकू येईनासा झाला होता.

परंतु आमच्या विषयाच्या सर्वांत जवळचा पुरावा संत पौल देतो. करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनासाठी जमत. सधन लोक आधी येऊन आपापले जेवून घेत, कोणी तर मद्याने धुंद होत. उशिरा पोचणारा कष्टकरी उपाशी राही. पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल त्यांना काय म्हणतो? तुम्ही प्रभुभोजन वाईट रीतीने करता, असे तो म्हणत नाही. तुम्ही करता ते प्रभुभोजनच नव्हे, असे तो म्हणतो. तो त्यांच्याकडून शब्दच काढून घेतो. ज्यात गरिबाचा वाटा नाही त्याला ते नाव लावण्याचा अधिकार नाही, हा प्रेषिताचा निवाडा आहे. शब्दावरून वाद घालणे क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

आता आपल्या अंगणात या. महोत्सव म्हटला की व्यासपीठ आले, ऑर्केस्ट्रा आला, फ्लेक्स आले, लकी ड्रॉ आला. त्या सर्वांना पैसा लागतो. पैशासाठी पावतीपुस्तके निघतात आणि दर घरामागे वर्गणीचा आकडा ठरतो. काही ठिकाणी देणगीदारांची नावे रकमेसह ध्वनिक्षेपकावरून वाचली जातात. ज्या घरातील कर्ता माणूस आजारी आहे, ज्या घरची नोकरी गेली आहे, जे कुटुंब नुकतेच कामासाठी गावात येऊन भाड्याच्या खोलीत राहिले आहे, ते घर त्या दिवशी काय करते? काही घरे ऋण काढून सण करतात. ही म्हण आपल्या पूर्वजांनी कौतुकाने रचलेली नव्हे. आणि काही घरे त्या दिवशी चर्चकडे फिरकतच नाहीत. कोणी त्यांना हाकलले नाही. पण नाव पुकारले जाणार आणि पुढे रक्कम नसणार, ही लाज पुरेशी असते. ज्या संताने आयुष्य गरिबांत घालविले, त्याच्याच सणाला गरीब घरी बसला, तर पौलाने करिंथकरांना जे सांगितले ते आपल्यालाही लागू आहे.

पूर्वीचे सारे गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. गावच्या उत्सवांत मानापानावरून हाणामाऱ्या झाल्या आहेत आणि मानाच्या पायऱ्या बहुधा जातीच्या पायऱ्या होत्या. आपलीही पाटी कोरी नाही. गोव्यात काही चर्चांच्या कोन्फ्रारियांत प्रवेश जातीवर ठरत असे आणि फेस्ताचा मान त्याच मार्गाने जाई. ते पाप होते. परंतु त्या पापावरचा उपाय मान सर्वांना वाटणे हा आहे. मान विकत घेणाऱ्यास देणे हा उपाय नव्हे. जातीच्या जागी प्रायोजक बसला, एवढ्याने पहिली रांग मोकळी होत नाही.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात, त्यांचा विचार करणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप अभ्यासूंचा. महोत्सव हा काही नवा किंवा बाजारू शब्द नाही, तो जुना संस्कृत शब्द आहे. शिवाय ख्रिस्तसभाच काही सणांना लॅटिनमध्ये ‘सोलेम्नितास’ हा सर्वोच्च दर्जा देते, आश्रयदात्या संताचा दिवस त्या त्या चर्चपुरता त्याच दर्जाचा असतो, मग त्याचे भाषांतर महोत्सव का करू नये? आक्षेप वजनदार आहे. परंतु सोलेम्नितासचा दर्जा गर्दीने ठरत नाही. २५ मार्चचा देवदूताच्या निरोपाचा दिवस त्याच दर्जाचा आहे. तो बहुधा उपवासकाळात येतो आणि कित्येक चर्चांत मूठभर भाविकांच्या उपस्थितीत साजरा होतो. म्हणून त्याचा दर्जा तसूभर कमी होत नाही. त्या मूठभरांच्या मिस्साला कोणी ‘भव्य महोत्सव’ म्हणेल काय? म्हणणार नाही, कारण आज या शब्दाचा अर्थ कोशात ठरत नाही, मंडपवाल्याच्या दुकानात ठरतो.

दुसरा आक्षेप तरुणांच्या पालकांचा. असे काही भरविले नाही तर मुले येत नाहीत. आमचा अनुभव निराळा आहे. महोत्सवाला मुले येतात, पण ती ऑर्केस्ट्राच्या वेळी येतात. ज्या मुलाला पंगतीत वाढायला उभे केले, वेदीची फुले आणायला पाठविले, आजारी माणसाच्या घरी वाटा पोचवायला सांगितले, ते मूल पुढच्या वर्षी न बोलावता येते. मुलांना करमणूक हवी असते हे खरे. पण त्याहून अधिक त्यांना काम हवे असते, आपल्यावाचून काही अडते आहे ही जाणीव हवी असते. प्रेक्षकावाचून काहीच अडत नाही.

तिसरा आक्षेप सलोख्याचा. महोत्सव म्हटले की अन्य धर्मीय शेजारीही येतात, सण म्हटला की तो आपल्यापुरता राहतो. हे मात्र मुळातच उलटे आहे. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला सप्टेंबरात सर्व धर्मांचे लोक टेकडी चढतात, मेणबत्त्या वाहतात. त्यांना ‘जत्रा’ या शब्दाने कधी अडविले नाही. कोकणात वाटेवरच्या क्रुसाजवळ लदीन झाली की उकडलेल्या चण्यांची मूठ जो समोर असेल त्याच्या हाती पडते. त्याचा धर्म कोणी विचारीत नाही. शेजारी येतो तो आमंत्रणाने आणि वाट्याने. प्रायोजकाच्या फलकाने येतो तो गिऱ्हाईक.

येथे ‘सार्वजनिक’ या शब्दाचेही थोडे ऋण फेडले पाहिजे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा त्या शब्दात सर्व जनांच्या वतीने बोलण्याची प्रतिज्ञा होती. महात्मा फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातला ‘सार्वजनिक’ म्हणजे कोणालाही वगळणार नाही असा. १८९३ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सव वाढीस लागला, तेव्हाही शब्द ‘उत्सव’ हाच होता. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने त्याला ‘राज्य महोत्सव’ घोषित केले. तो त्या समाजाचा व शासनाचा विषय आहे. त्यावर मत देणे आमचे काम नाही. एवढे मात्र दिसते की आज बोलीत ‘सार्वजनिक’ म्हणजे जे रस्त्यावर आहे ते, असा अर्थ रूढ होत चालला आहे. रस्ता अडविला की कार्यक्रम सार्वजनिक झाला! आपले तर नावच ‘कॅथोलिक’. या ग्रीक शब्दाचा अर्थ सर्वांचा, सर्वत्र असलेला. म्हणजे आपला प्रत्येक सण नावानेच सार्वजनिक आहे. तो तसा आहे की नाही हे मंडपाच्या रुंदीवरून ठरणार नाही. गावातील शेवटच्या घराला त्यात जागा आहे की नाही यावरून ठरेल.

तेव्हा काय करावे? आम्ही फार मोठे काही सुचवीत नाही. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेवर ‘सण’ छापावा. जेथे ‘फेस्त’ म्हणण्याची रीत आहे तेथे ‘फेस्त’ छापावे. शब्द साधा ठेवला की पुष्कळ गोष्टी आपोआप साध्या होतात. ‘भव्य सण’ हे शब्द जिभेला जोडताच येत नाहीत. देणगीदारांची नावे हिशेबाच्या वहीत असावीत, फलकावर व ध्वनिक्षेपकावर नसावीत. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये ही शिकवण प्रभूची आहे, आमची नाही. वर्गणीचा आकडा ठरवू नये, पेटी ठेवावी. जमेल त्यातून एक वाटा सणाच्या आदल्या दिवशीच, पाकिटावर कोणाचेही नाव न घालता, गरजू घरी पोचावा, म्हणजे त्या घरालाही दुसऱ्या दिवशी चांगले कपडे घालून मिस्साला येता येईल. पहिल्या रांगेतील राखीव खुर्च्या काढून टाकाव्यात. राखायच्याच असतील तर अपंगांसाठी व वृद्धांसाठी राखाव्यात. पंगत असेल तर धर्मगुरूंसह सर्वांनी एकाच पंगतीत बसावे आणि समितीने वाढावे.

आणि एक गोष्ट विसरू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरील संविधानात प्रभूच्या दिवसाला, म्हणजे रविवारला, मूळ सण म्हटले आहे. वर्षातून बावन्न वेळा हा सण आपल्या दारी येतो. त्याला फलक लागत नाही, प्रायोजक लागत नाही. त्याचा यजमान एकच आहे आणि त्याने खर्च केव्हाच, क्रुसावर, स्वतःच्या पदरचा केला आहे. ज्या धर्मग्रामाचा रविवार ओस आणि महोत्सव मात्र ओसंडून वाहतो, त्या धर्मग्रामाने खर्चाचा हिशेब मांडण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.

सण लहान असतो अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या दिवशी परमेश्वर भेटीला येतो, त्या दिवसाला मोठे करण्यासाठी आपल्याकडून आणखी दोन अक्षरांची गरज पडावी, इतका तो कधीच लहान नव्हता.